टाचवालीचंही नाव घाला

पहिला थेंब तिच्या कपाळावर पडला, दुसरा पुस्तकावर, आणि तिसरा पडायच्या आत तिने उशी बाजूला ओढली होती.

रविवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन. पावसाचा पत्ता नाही, आणि छतातून मात्र पाणी — तेही नेमकं तिच्या पलंगावर. दुसरी कुणी असती तर आरडाओरडा करत जिना चढली असती. तिने स्वयंपाकघरातून मापाचं भांडं आणलं, थेंबाखाली ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत शेजारी बसली.

तिचं कामच तसलं होतं. वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. दुकानातले काटे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे तराजू, औषधवाल्यांकडची नखाएवढी वजनं — ही सगळी मंडळी खरं बोलतात की थापा मारतात, हे ठरवायचं. घरात म्हणूनच तिला कुणी नावाने हाक मारत नसे. मापाडी म्हणत.

“मापाडी, काय चाललंय तुझं?” चिमणीने दारातून विचारलं. चिमणी म्हणजे घरातल्या तिघींपैकी सगळ्यात धाकटी. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि दिवसभर चिवचिवायची.

“वेळ बघतेय. पहिल्या रेघेपर्यंत भरायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा दुसरीला जास्त लागला. तिसरीला त्याहून जास्त.”

“छत गळतंय, आणि तू रेघा बघतेयस?”

“म्हणजे पाइप फुटलेला नाही. पाइपचं पाणी एकाच वेगाने येत राहतं. हे मंदावतंय. वर काहीतरी भरलेलं आहे आणि ते रिकामं होतंय.”

चिमणीने छताकडे बघितलं. मग पलंगाकडे. मग पलंगाला चिकटून असलेल्या टेबलाकडे, जिथे तिचा नवाकोरा, चित्रं काढायचा स्क्रीन पहुडला होता. थेंबापासून जेमतेम वीतभर लांब. पुढची किंकाळी सगळ्या इमारतीने ऐकली असावी.

मापाडी वर गेली तेव्हा दार अर्धवट उघडंच होतं. आत एक तरुण गुडघ्यांवर बसून टॉवेल पिळत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केस कपाळावर आलेले, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

“तुमच्याकडे काहीतरी भरलेलं आहे आणि ते रिकामं होतंय,” ती दारातून म्हणाली. “एव्हाना अर्ध्यावर आलं असेल.”

त्याने वळून खोलीतल्या काचेच्या मोठ्या टाकीकडे बघितलं. “अर्ध्याच्या किंचित खाली,” तो म्हणाला. “तुम्हाला खाली बसून कसं कळलं?”

“थेंबांवरून.”

“थेंबांवरून...” त्याने तो शब्द असा उच्चारला, जणू कुणीतरी त्याला काहीतरी छान खायला दिलंय. मग एकदम भानावर आला. “अहो, म्हणजे खाली गळतंय? कुणाच्या अंगावर?”

“माझ्या.”

“अरे देवा. मला वाटलं, वेळेत पुसून घेतलं.”

बोलता बोलता तो उठला आणि त्याने रिकामी बादली उचलून तिच्यापुढे धरली, डाव्या हाताने. बादली घेताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली. प्रयोगशाळेत ती वजनांना कधीच नुसत्या हाताने शिवत नसे. चिमट्याने उचलायची, हातमोजे घालून. बोटाचा ठसा उमटला तरी वजन बदलतं, हे तिने नव्या मुलांना कितीदा शिकवलं होतं. ते आत्ताच का आठवावं, हे तिला कळेना.

“मासे कुठे गेले?” तिने टाकीत डोकावत विचारलं.

“मासे नाहीत.”

“मग टाकी कशाला?”

“पाण्यासाठी,” तो म्हणाला, आणि पुढे काही सांगणार तोच खालून चिमणीची दुसरी किंकाळी आली. तो टॉवेल, फडकी, जे हाताला लागेल ते घेऊन जिन्याकडे धावला.

ती त्याच्यामागे निघाली आणि निघता निघता तिला ते दिसले. टाकीजवळ जमिनीवर दगडाची एक सपाट लादी होती आणि त्या लादीवर, नीट जोडून ठेवलेले, लाल रंगाचे, उंच टाचांचे बायकी बूट.

म्हणजे टाचवाली खरंच होती.

वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आल्यापासून रोज संध्याकाळी तिघींच्या डोक्यावर ती टाचवाली चालायची. टाक्, टाक्. कधी हळू, कधी भरभर, कधी मध्येच थांबून परत वळायची. चिमणीने तिची आख्खी गोष्ट रचली होती: ती कुणाची तरी वाट बघते, तो येत नाही, म्हणून ती येरझाऱ्या घालते. मापाडीने गोष्ट रचली नव्हती, निष्कर्ष काढले होते. बाई उंच आहे. चालणं ठाम आहे. डावा पाय उजव्यापेक्षा जोरात टाकते, बहुधा उजवा कधीतरी दुखावला असावा. एकच निरीक्षण कुठे बसत नव्हतं. टाचवाली नेहमी एकाच जागी वाजायची, मापाडीच्या पलंगाच्या बरोबर वर. स्वयंपाकघराकडे नाही, दाराकडे नाही. ते निरीक्षण मापाडीने सध्यापुरतं बाजूला ठेवलं होतं.

जिना उतरताना, काही कारण नसताना, तिच्या मनात काहीतरी तळाशी जाऊन बसलं. ‘आपलं काय जातंय?’ तिने स्वतःला विचारलं.

स्क्रीन वाचला. गादी मात्र मधोमध भिजली होती. ती त्याने एकट्याने उचलायचा प्रयत्न केला, दारात अडकला, आणि मग दोघांनी दोन टोकं धरून गच्चीवर नेली.

“कितपत भिजलीय?” त्याने धापा टाकत विचारलं.

“भिजायच्या आधी वजन करून ठेवलं असतं, तर सांगता आलं असतं.”

“पुढच्या वेळी आधी सांगून गळेन.”

ती हसली. हसायचं ठरवलं नव्हतं, तरी हसली. गादी कठड्यावर टाकून दोघं वाऱ्यात उभे राहिले. तो म्हणाला, स्टुडिओत असतो, आवाजाचं काम करतो. सोबत एक मित्र राहतो, तो जहाजावर नोकरीला, वर्षातले निम्मे दिवस समुद्रात. एवढं सांगितलं, आणि टाचवालीबद्दल चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी घरमालकीणबाई वर आल्या. छतावरचा डाग त्यांनी चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला, आणि निकाल दिला. “मला रोज उठून भांडणं नकोत. येत्या शनिवारपर्यंत वरच्याने विमा काढायचा. नाहीतर टाकी आणि तो, दोघांनी जागा सोडायची. आणि तुम्ही पोरीसुद्धा जरा विचार करा गं.”

पोरींचा विचार तसा कधीपासून चालूच होता. तिघींतली मोठी रुग्णालयात परिचारिका होती, तिला सगळेच ताई म्हणत. भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा काढू या, हे ताईचं टुमणं जुनं होतं, आणि दर वेळी मापाडी ते आकडेमोडीने परतवून लावायची. आता मात्र ताईने थेट आपल्या दूरच्या काकांनाच बोलावलं. काका विम्याचं काम करायचे. वरच्यालाही निरोप गेला. मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसले, मध्ये चहा आणि काकांची फुगलेली बॅग.

“तिघींत मिळून एकच काढली तर?” चिमणीने विचारलं. “स्वस्त पडेल.”

“पडेल की,” काका म्हणाले. “पण तिघींची नावं घालावी लागतात. जिचं नाव नाही, तिची सुईसुद्धा धरत नाहीत. बरं, उद्या तुझ्या त्या यंत्रावर पाणी पडलं आणि दावा केलास, की तो तिघींच्या नावावर चिकटला. पुढच्या वर्षी तिघींचा हप्ता वाढणार. परवा एखादी लग्न करून गेली, की पुन्हा सगळे कागद बदला. मी सांगू का? एकत्र पॉलिसी घ्यावी ती एकत्र राहायचं पक्कं ठरलेल्यांनी. बाकीच्यांनी आपापली.”

“नवरा-बायकोनी, असं म्हणा ना,” ताई म्हणाली.

“नवरा-बायकोनी, मायलेकींनी, दोन म्हाताऱ्या बहिणींनी... ज्यांचं ठरलंय त्यांनी.” काकांनी चहाचा घोट घेतला. “आणि विमा दुकानात पुन्हा मिळतं त्याचाच असतो हं. बाकीची जोखीम ज्याची त्याने घ्यायची.”

“मला नकोच,” मापाडी म्हणाली. “काका, राग मानू नका. पण तुमची कंपनी दानधर्म करायला बसलेली नाही. म्हणजे सरासरी काढली, तर माणूस जेवढं भरतो तेवढं त्याला परत मिळत नाही. साधा हिशेब आहे.”

“आमच्याकडे सरासरी पेशंट अजून एकही आलेला नाही,” ताई पुटपुटली.

“हिशेब बरोबर आहे,” वरचा म्हणाला. “फक्त... सरासरी कितींची?”

“म्हणजे?”

“म्हणजे सरासरी कंपनीला परवडते. त्यांच्याकडे हजारो गाद्या आहेत. तुमच्याकडे हजार गाद्या आहेत?”

“एकच आहे.”

“आणि ती गच्चीवर आहे.”

टेबलावर हशा पिकला. मापाडी हसली नाही, ती विचारात पडली. चूक काढणाऱ्याचा तिला राग यायचा नाही, चूक खरी असेल तर. आणि ही खरी होती! तिने इतके दिवस सरासरी बघितली होती. एकदाच, एकटीवर कोसळलं तर काय, हे बघितलंच नव्हतं. तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता, जिंकल्यासारखा नाही, तर ‘बघा, पटतंय का’ असा. तिने नजर कपात बुडवली.

“विचार करते,” ती म्हणाली. “मला वेळ लागतो.”

“लागू द्या. घाई याची आहे,” असं म्हणत काकांनी वरच्याचा अर्ज पुढे ओढला. “बोला. घरात कोण कोण राहतं? नीट सांगा हं. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारतात. एखादं लपवलं आणि मागाहून निघालं, तर पॉलिसी गेली आणि भरलेलंही गेलं.”

“मी आणि जहाजावरचा माझा मित्र.”

“आणखी कुणी?”

“कुणी नाही.”

मापाडीच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस तिला जरा जडच गेले. तो रोज काही ना काही निमित्ताने खाली यायचा. छताचा डाग खरवडायला, डागावर रंग द्यायला, दिलेला रंग वाळला का ते बघायला. रंग वाळलेला असूनही दोघं मान वर करून बराच वेळ बघत राहायचे.

“या कोपऱ्यात अजून ओल वाटते,” तो म्हणायचा.

“नाहीये ओल.”

“उद्या पुन्हा बघावं लागेल.”

“उद्यापर्यंत वाळलेलं परत ओलं होत नाही.”

“तुम्ही शास्त्रज्ञ लोक फार घाईने निष्कर्ष काढता.”

त्याच्या बोलण्यात एक गंमत होती. मध्येच तो थांबायचा आणि कान द्यायचा. कढईवरचं झाकण थरथरलं, दाराची कडी वाजली, तिने साखर ढवळताना चमचा कपाला लागला, की त्याचे डोळे क्षणभर लकाकायचे. ती बोलत असतानाही तो तसाच ऐकायचा. सबंध लक्ष देऊन, जणू नंतर कुणी परीक्षा घेणार आहे. असं आजवर तिचं कुणी ऐकलं नव्हतं. प्रयोगशाळेत तर फक्त आकडे ऐकत.

मग तो वर जायचा... आणि थोड्या वेळाने टाचा वाजायला लागायच्या. टाक्, टाक्. डावा जोरात.

“आली गं टाचवाली,” चिमणी म्हणायची. “हा खाली आला की गप्प, वर गेला की सुरू. भांडत असतील का गं दोघं?”

मापाडी कूस बदलायची.

तिला नेमका राग कसला आला होता, हे तिने शुक्रवारी कामावर एक लहानसं वजन चिमट्यात धरलेलं असताना शांतपणे तपासून पाहिलं. त्याचं कुणीतरी आहे, याचा राग धरायचा तिला हक्क नव्हता. तो खोटं बोलला, याचा होता. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. उद्या शनिवार. तो अर्जावर सही करणार. कधीतरी टाकी पुन्हा गळेल, चौकशीला कुणी येईल, लादीवरचे लाल बूट बघेल, आणि पॉलिसी रद्द. मग मालकीणबाई त्याला एक दिवसही ठेवणार नाहीत.

तो इथे राहायला हवा असेल, तर टाचवालीचं नाव अर्जात जायला हवं. आणि ते त्याला सांगायचं कुणी? जिला टाचवाली मुळात नकोच होती, तिनेच.

वजन काट्यावर ठेवून तिने तोच आकडा वहीत दोनदा लिहिला.

संध्याकाळी कामावरून आल्यावर ती स्वतःच्या दारात थांबलीच नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून सरळ वर गेली. त्याने दार उघडलं आणि त्याचा चेहरा उजळला. ते बघून तिचं काम आणखीच अवघड झालं.

“रंग बघायला आलात? तो तर तुमच्याकडे आहे.”

“एक सांगायचंय,” ती घाईघाईने म्हणाली. थांबली असती तर जमलं नसतं. “तुमच्या अर्जात... त्यांचंही नाव घाला.”

“कुणाचं?”

“त्यांचं. तुम्ही सांगायला हवं होतं असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. पण काका म्हणाले ते ऐकलंत ना? राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लागतं. मागाहून निघालं तर तुम्हाला जागा सोडावी लागेल. तर... नाव घाला. एवढंच.”

तो गोंधळून बघत राहिला. “अहो, पण कुणाचं नाव?”

“लाल बूटवाल्यांचं!”

त्याने मागे वळून लादीकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा लादीकडे. त्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिचे डोळे बघून तो हसला नाही. नुसता दारातून बाजूला झाला.

“आत या,” तो हळूच म्हणाला. “तुमची ओळख करून देतो.”

तो लादीपुढे गुडघ्यांवर बसला. डावा हात डाव्या बुटात घातला, उजवा उजव्यात. समोरच्या पडद्यावर एक चित्रपट थांबवलेला होता, त्यातली एक बाई लांबलचक बोळात उभी होती. त्याने बटण दाबलं. बाई चालायला लागली, अगदी मुक्याने. आणि त्याबरोबर लादीवर त्याचे हात चालायला लागले. टाक्, टाक्. ती वळली, टाचा वळल्या. ती अडखळली, टाच घसरली. ती दारापाशी थबकली, आणि टाचांनाही जणू धीर होईना.

मापाडी बघतच राहिली. रोज संध्याकाळी तिच्या डोक्यावर चालणारी ती उंच, ठाम बाई समोर पँट दुमडून बसली होती.

“चित्रीकरणात पावलांचे आवाज धड येत नाहीत,” तो म्हणाला. “ते नंतर कुणीतरी करावे लागतात. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ. टाकीत होडी वल्हवतो मी. परवा एकाला बुडवलंसुद्धा.”

“डावा पाय जोरात...” ती स्वतःशीच बोलली. “तुम्ही डावखुरे आहात. बादली डाव्या हाताने दिली होतीत.” तिने कपाळाला हात लावला. “आणि आवाज एकाच जागेवरून यायचा! मला माहीत होतं. बसत नव्हतं म्हणून मी तेवढं सोडून दिलं. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं, तर मी त्याला दिवसभर बोलले असते.”

“आता बोला की स्वतःला. मी ऐकतो.”

आता मात्र दोघंही हसले. हसता हसता ती लादीशेजारी खालीच बसली, आणि चिमणीने रचलेली, वाट बघणाऱ्या टाचवालीची गोष्ट तिने त्याला सांगून टाकली.

“काकांना टाकीचं आणि कामाचं सगळं सांगितलंय मी, मंगळवारीच, जाताना,” तो म्हणाला. “त्याचा हप्ता थोडा जास्त बसतो. लपवलेलं काहीच नाही. म्हणजे... एक आहे. पण ते अर्जात विचारत नाहीत.”

“काय?”

तो हातातल्या बुटाची टाच उगाच निरखत राहिला. “आवाज खालून वरही येतात. तुम्ही आलात की किल्ली टेबलावर टाकत नाही, ठेवता. गॅसचं बटण बंद केल्यावर पुन्हा एकदा तपासता. आणि मग पुन्हा. झोपायच्या आधी खिडकी लावता, आणि थोडीशी परत उघडता. तुम्ही थेंबांचं बोलत दारात आलात ना, तेव्हा मी ओळखलं होतं, ती हीच. मी... मला आवडायचं ते. तुम्हाला बघायच्या आधीपासून.”

दुरुस्त केलेल्या टाकीत पाणी स्थिर होतं, आणि त्यात खिडकीबाहेरचं मावळतं आभाळ तरंगत होतं.

“दुसऱ्यांना बसून मोजायला बरं वाटतं,” ती शेवटी म्हणाली. “पण स्वतःवर आलं, की... मला वेळ लागतो.”

“विम्याच्या वेळी बघितलंय,” तो म्हणाला. “मी वाट बघेन. टाचवालीला सवय आहे त्याची.”

शनिवारी काका आले. ताईने आपली पॉलिसी घेतली, चिमणीने स्क्रीनसकट आपली. वरच्याने सही केली, मालकीणबाईंनी ती चष्मा लावून तपासली आणि समाधानाने खाली गेल्या. उरली मापाडी. तिने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन शंका विचारल्या, आणि सही केली.

“अगं बाई!” ताईने गालावर हात ठेवला. “आणि तुझी सरासरी?”

“चुकीची नव्हती. अपुरी होती.”

काका कागद गोळा करत म्हणाले, “वर एक, खाली एक. पत्ता तोच, नुसता मजला वेगळा. एकत्र असती तर दोघांना जरा स्वस्त पडली असती.”

“काका!” ताई ओरडली.

“मी हप्त्याचं बोलतोय,” काका साळसूदपणे म्हणाले आणि बॅग बंद केली.

वरच्याचे कान लाल झाले होते. “येतो,” एवढंच म्हणून तो वर गेला. तिच्याकडे त्याने एकदाच बघितलं, काही न विचारता.

दिवेलागणीला ती पलंगावर पाय घेऊन बसली होती. पुस्तक हातात, पान तेच. ताई स्वयंपाकघरात, चिमणी टेबलाशी. आणि वर टाचा वाजल्या. टाक्, टाक्. नेहमीच्याच जागी, छतावरच्या नव्या रंगाच्या बरोबर वर.

“आली तुझी टाचवाली,” चिमणी मान वर न करता म्हणाली. त्या दोघींना कालच सगळं कळलं होतं, आणि ताई तर हसून हसून रडली होती.

टाक्, टाक्. थांबली. पुन्हा टाक्... आणि मग टाचवाली पहिल्यांदाच जागची हलली.

पलंगाच्या वरून निघाली. टेबलाच्या वर आली. चिमणीची पेन्सिल थांबली. भिंत ओलांडून आवाज स्वयंपाकघरावर गेला, तशी ताई हातात पळी घेऊन बाहेर आली, मान छताकडे. “अगं, ही निघाली कुठे?”

टाचा सावकाश, अडखळत, जरा घसटत, पण न थांबता दाराच्या दिशेने चालल्या होत्या. आता तिला लादीही नव्हती, नुसती फरशी. मापाडीला डोळ्यांपुढे दिसलं: दोन्ही हातांत लाल बूट घालून घरभर रांगणारा एक शहाणासुरता माणूस. ती उठली. छताखालून, आवाजाच्या बरोबर खालून, तीही चालायला लागली. वर एक पाऊल, खाली एक पाऊल.

दारापाशी टाचा थबकल्या.

मग वरचं दार उघडलं, आणि जिन्यावरून खाली यायला लागल्या त्या साध्या, रबरी चपला. चट्, चट्. या पावलांत डावं-उजवं अगदी सारखं होतं.

त्याने घंटी वाजवायच्या आत तिने दार उघडलं. तो उभा होता, दोन्ही गुडघ्यांना धूळ, आणि डाव्या हातात अजून एक बूट घातलेलाच.

“ही एकटीच निघाली होती,” तो म्हणाला. “म्हटलं, सोबत जावं.”

“मी हिशेब केला,” ती म्हणाली. “रात्रभर केला. धोका किती, फसले तर काय, सगळं. जुळतच नाही.”

“असं?” तो एवढंच म्हणाला.

“सरासरी काढायला हजार असावे लागतात,” ती म्हणाली. “आणि तू... तू एकच आहेस.”

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते तिने शेवटपर्यंत बघितलं, नजर कुठल्याच कपात न बुडवता.

आत स्वयंपाकघरात कढईचं झाकण खणखणत जमिनीवर पडलं. “काही नाही, काही नाही, तुमचं चालू दे!” चिमणी ओरडली, आणि ताईने तिला दबक्या आवाजात झापलेलं दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

मापाडीने त्याच्या हातातला लाल बूट काढून उंबऱ्यावर ठेवला. मग चिमटा नाही, हातमोजा नाही, नुसत्या बोटांनी तिने त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. वजन बदललं, तर बदलू दे.